झोपलेल्या चुंबकांचा डबा

"घड्याळ काढा, बाई."

कारखान्यातल्या चुंबकांच्या खोलीच्या दारात, तिथलं काम सांभाळणारे ते उजव्या हातात लहानशी लाकडी काठवट धरून उभे राहत आणि डाव्या हाताने वाट अडवत. घड्याळ, किल्ल्या, केसांतले आकडे त्या काठवटीत काढून ठेवल्याशिवाय कोणालाही आत प्रवेश नव्हता. मॅनेजरसाहेबांनाही नाही. साहेब एकदा "अरे, दोन मिनिटांचं काम आहे" म्हणत तसेच आत घुसले आणि बाहेर आले ते बंद पडलेलं घड्याळ घेऊन.

"दोन मिन्टाचंच काम होतं ना साहेब," ते शांतपणे म्हणाले. "आता दिसभर दोनच मिन्टं वाजतील."

मलाही एकदा धडा मिळाला होता. अंबाड्यातला एक आकडा काढायचा राहिला. मी टेबलावर वाकले, तर तो आकडा केसांतून सुटून सरळ चुंबकावर जाऊन बसला आणि अंबाडा पाठीवर आला. त्यांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. हसू आवरल्यावर म्हणाले, "बाई, ह्याला लाज नसती. लोखंड दिसलं की गेलं."

मुलांनो, तुमच्या फोनमध्ये आणि कानात घालायच्या त्या शेंगदाण्याएवढ्या यंत्रात जे इवलेसे चुंबक असतात, त्यांच्याच कुळातले हे चुंबक. मागच्या वेळी फोनवर धाकट्याने विचारलं होतं, "आजी, तू कारखान्यात काय करायचीस?" मी म्हणाले, "कागद लिहायचे." तुम्ही दोघं हसलात. उत्तर खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं आज लिहिते आहे. तुम्हाला मराठी बोललेलं कळतं, वाचायला अजून जड जातं, म्हणून तुमची आई हे वाचून दाखवेल. तिला माझं एकच सांगणं आहे: वाचताना काही गाळू नकोस.

ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांचं नाव मी इथे देणार नाही. चौकशीच्या कागदावर त्यांचं नाव होतं आणि माझं नव्हतं. माझ्यामुळे एकदा ते नाव कागदावर आलं, तेवढं पुरे झालं. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मी त्यांना "तू" म्हणत असे. ते माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे होते, तरीही. आमच्या ऑफिसातली सगळीच माणसं खाली काम करणाऱ्यांना तसं म्हणत, आणि मी कधी थांबून विचार केला नाही. आता लिहिताना "ते" लिहिते. याला काही मोठेपणा म्हणता यायचा नाही. तीस वर्षं उशीर झाला आहे.

आमचा कारखाना चिकलठाण्याला होता. औषधांच्या कारखान्यांना लागणारे पंप आम्ही करत होतो. साध्या पंपात दांड्यापाशी थेंब थेंब गळती होते. आमच्या पंपात दांडा आरपार जातच नसे. पत्र्याच्या अखंड भिंतीच्या अलीकडे चुंबकांचं एक कडं, पलीकडे दुसरं. अलीकडचं फिरलं की त्याच्या ओढीने पलीकडचं फिरायचं. थेंबाला बाहेर यायला वाटच नाही.

त्यासाठी लागत ते रेअर अर्थ जातीचे चुंबक. मराठीत दुर्मिळ मृदा म्हणतात, पण ते नाव फसवं आहे. ती माती काही तितकीशी दुर्मिळ नाही. आपल्या केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतही ती सापडते. अवघड आहे ते तिच्यातले धातू एकमेकांपासून सोडवणं आणि त्यांचे चुंबक घडवणं. ते तेव्हा मोजक्या देशांना जमत होतं, आणि जगभरचे टेपरेकॉर्डर आणि संगणक करणारे त्यांच्या दाराशी उभे होते. आम्ही म्हणजे पंगतीत उशिरा आलेले पाहुणे. सरकारी परवान्यात बसतील तेवढेच चुंबक मागवायचे, आणि बोटीने येईपर्यंत चार-पाच महिने वाट बघायची. ते मागवण्याचा सगळा इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे होता. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले होते. परदेशातून आलेली माहितीपत्रकं वाचायची आणि त्यांतल्या सूचना मराठीत सुवाच्य अक्षरात लिहून कामगारांसाठी भिंतीवर लावायच्या, हेही माझंच काम.

केरळच्या वाळूचं मी त्यांना एकदा सांगितलं. ते चुंबकांच्या मध्ये लाकडी चिपा सरकवत होते. हात न थांबवता म्हणाले, "म्हंजी वाळू आपली आन् चुंबक त्यांचं. आमच्या गावात बी असंच, बाई. राबायचं आमी, रास पडायची दुसऱ्याच्या खळ्यावर."

त्यांचं गाव देवगाव रंगारीच्या बाजूला. विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीवरून मराठवाड्यात गावोगाव वस्त्या पेटल्या, त्यात त्यांचं घर गेलं. अंगावरच्या कपड्यांनिशी बायको आणि तान्ही मुलगी घेऊन ते शहरात आले होते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मला ते कॅन्टीनमध्ये कळलं, आणि "अरेरे" म्हणून मी चहा पिऊन उठले.

शहरात आधी ते एका स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. चुंबकाची ओळख तिथलीच. आमच्याकडे आले ते हंगामी कामगार म्हणून, आणि सहा वर्षं हंगामीच राहिले. त्या वर्षी दिवाळीच्या आत त्यांना कायम करायचं ठरलं होतं. कायम झाले की कामगार वसाहतीत खोली मिळणार होती आणि मुलीची शाळा सुटायची नव्हती. तेवढ्या एका शब्दावर त्यांचं घर उभं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. मराठी वाचत, इंग्रजी येत नसे. नव्या खोक्यातून माहितीपत्रक निघालं की ते घेऊन माझ्या टेबलाशी यायचे आणि ठरलेला प्रश्न विचारायचे.

"कागद काय म्हनतो, बाई?"

मी वाचून सांगायची आणि ते मान तिरकी करून ऐकायचे. एकदा ऐकलेलं विसरत नसत. मी कधी एखादा परिच्छेद उडी मारून पुढे गेले की त्यांच्या लक्षात यायचं. "मदी काईतरी ऱ्हायलं. तुमचे डोळे खाली आले, तोंड नाय आलं."

चुंबक वाया जाऊ देणं त्यांना खपत नसे. कड उडालेले, टवका गेलेले तुकडे ते फेकत नसत. आकाराप्रमाणे वेगळे करून ठेवत. एक तुकडा त्यांनी काठीच्या टोकाला बांधला होता, लेथखाली सांडलेला कीस वेचायला. कॅन्टीनमधल्या मावशींच्या कानातली रिंग हरवली तेव्हा त्या काठी मागायला आल्या.

"सोनं चिकटत नाय, मावशी."

"मग काय चिकटतं मेलं?"

"खिळं, टाचन्या आन् आमच्यासारखी हंगामी मान्सं."

एकदा ते डिझाइनच्या साहेबांकडे गेले आणि म्हणाले, कड्याला सोळा चुंबक कशाला, बाराच बास होतील. साहेब हसले. त्यांनी तिथेच साहेबांना दाखवून दिलं. चुंबकांच्या पाठीमागची लोखंडी बैठक थोडी जाड केली, वर बाराच चुंबक बसवले आणि ताणकाटा लावून ओढून दाखवलं. जोर तेवढाच! "पाठीमागं लोखंड पातळ आसंल तर जोर मागं सांडतो साहेब. आधी भांड्याचं भोक बुजवा, मग दूध मागवा." चार महिने वाट बघून आणलेल्या मालातला चौथा हिस्सा त्यांनी वाचवला होता. त्याचं इंग्रजी टिपण मी लिहिलं. खाली सही डिझाइनच्या साहेबांची. टिपणात मी लिहिलं होतं, "असे आढळून आले आहे की." कोणाला आढळलं, ते लिहिलं नाही. इंग्रजीत ही सोय फार छान आहे.

थंडीत त्यांनी एकदा गावाकडची सीताफळं आणली होती. मी हसून घेतली. घरी सासूबाईंनी विचारलं, "कोणी दिली?" मी सांगितलं. त्यांनी पिशवी मागच्या दाराबाहेर ठेवली. मी ती तिथेच राहू दिली. सकाळी ती पिशवी मोलकरणीबरोबर गेली. "कशी होती बाई?" कारखान्यात त्यांनी विचारलं. "फार गोड," मी म्हणाले.

बघा, मला सराव होता.

नामांतराची चळवळ तेव्हा पुन्हा जोरात होती. ते मोर्चाला जात. एकदा सत्याग्रहात अटक झाली आणि चार दिवस आत राहून आले. पगार कापून घेतला, तक्रार केली नाही. मॅनेजरसाहेबांनी दारातच टोमणा मारला, "काय, बदललं का विद्यापीठाचं नाव?"

"बदलंल साहेब. आपल्या कंपनीची पाटी बी तीनदा बदलली. पंप बंद पडले का?"

मी त्याच विद्यापीठाची पदवीधर. आमच्या घरी म्हणत, नाव बदलून काय पोट भरणार आहे? मीही तेच म्हणायची. त्यांना एकदा म्हणाले सुद्धा, "पण आमच्या पदव्यांवर जुनं नाव आहे, त्याचं काय?"

"तुमच्या पदवीला काई धक्का लागत नाय बाई. आमच्या पोरीच्या पदवीवर येऊ द्या की."

आता त्या दिवसाबद्दल.

आम्ही इतकी वर्षं जे चुंबक वापरत होतो ते समेरियम-कोबाल्टचे. ते परवडेनासे झाले, वेळेवर मिळेनासे झाले. म्हणून त्या वर्षी प्रथमच निओडिमियमचे मागवले. नवे, जास्त जोरकस, स्वस्त. खोकं उशिरा आलं आणि पंपांची मागणी आधीच तुंबलेली होती. पुढच्या सहा महिन्यांच्या परवान्यातला सगळा माल त्या एका खोक्यात होता.

चुंबक कड्यावर चिकटवून भट्टीत ठेवावे लागत, म्हणजे गोंद पक्का होई. जुन्या चुंबकांसाठी भट्टीचं तापमान दीडशे अंश. भिंतीवरच्या माझ्या कागदावर तसं लिहिलं होतं. नव्या मालाबरोबर चार पानी माहितीपत्रक आलं होतं. मी पहिलं पान वाचलं. दुसरं चाळलं. मग जुना मराठी कागद समोर ठेवून त्याची नक्कल केली, चुंबकाचं नाव तेवढं बदललं, खाली तारीख घातली. माझे कागद नेहमी नीटनेटके असत. हाही होता. समास सोडलेला, ओळी सरळ.

ते नेहमीप्रमाणे आले. "कागद काय म्हनतो, बाई?"

"तेच. जुनंच."

"भट्टीचं बी?"

"हो."

त्यांच्या तळहातावर एक नवा चुंबक होता. ते हात वरखाली करत होते. "हे अंगानं हलकं हाय बाई. जोर लई, पर अंग हलकं. ह्याला इतकी धग सोसंल का? आज एकच घालून बगू. उद्या बाकीचे."

बाहेर ट्रक उभा होता. मॅनेजरसाहेबांचा दोनदा फोन येऊन गेला होता. पण ती सबब नाही. खरं हे, की ज्याला इंग्रजी येत नाही त्याने माझ्या कागदावर शंका घ्यावी याचा मला राग आला.

"कागदावर लिहिलंय ना? तेवढं कर."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी कागद भिंतीवरच्या खिळ्याला टोचला आणि तेवढं केलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या टेबलावर पंप लावला. मोटर फिरली, बाहेरचं कडं फिरलं, आतलं हललं नाही. दुसरा पंप लावला. तिसरा. ते एक कडं घेऊन माझ्या टेबलाशी आले. माझ्या डबीतली टाचणी उचलून त्यांनी चुंबकाला लावली आणि बोट काढलं. टाचणी खाली पडली. टाचणी पडल्याचा एवढा आवाज होतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"गेलं," ते म्हणाले.

ते गेल्यावर मी माहितीपत्रक काढलं. तिसऱ्या पानावर चौकटीत, जाड अक्षरांत छापलेलं होतं: ऐंशी अंशांच्या वर तापवू नये. गोंदासाठी कमी उष्णता द्यावी, जास्त वेळ ठेवावे.

मी पुन्हा एक कागद घेतला. तसाच समास, तशाच ओळी, तीच तारीख. दीडशेच्या जागी ऐंशी. पाळी सुटल्यावर चुंबकांच्या खोलीत गेले. सवयीने घड्याळ काढून काठवटीत ठेवलं. भिंतीकडे बघितलं तर खिळा रिकामा. मला वाटलं, उडाला असेल, झाडूवाल्याने नेला असेल. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मी नवा कागद खिळ्याला टोचला आणि घरी गेले.

चौकशी दोन दिवसांनी झाली. मॅनेजरसाहेबांच्या खोलीत साहेब, ते आणि मी. भिंतीवरून काढून आणलेला कागद टेबलावर होता.

"डोकं विद्यापीठाच्या गेटवर आणि हात भट्टीवर," साहेब म्हणाले. "मोर्चे काढा तुम्ही! सहा महिन्यांचा माल राख केलास. भट्टी किती अंशावर लावली होतीस?"

"दीडशे."

"आणि कागदावर काय होतं?"

त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे एकदा बघितलं. त्यांना मराठी वाचता येत होतं. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. माहितीपत्रक घेऊन ते माझ्या टेबलाशी उभे राहत, अगदी तशी नजर होती. मान जराशी तिरकी.

"कागद काय म्हनतो ते आमाला बाईच सांगत्यात," ते म्हणाले. "त्यास्नीच इचारा."

साहेब माझ्याकडे वळले.

"ऐंशी," मी म्हणाले.

त्यांनी नजर पुन्हा कागदावर नेली. मग म्हणाले, "व्हय का."

मुलांनो, मला आयुष्यात माणसं पुष्कळ बोलली आहेत. सासूबाई बोलल्या, साहेब बोलले. पण त्या दोन शब्दांइतकं कोणी बोललं नाही.

त्यांना काढून टाकलं नाही. फक्त कायम करणाऱ्यांच्या यादीतून नाव गळलं, आणि महिनाअखेरीला हंगामी मुदत संपली ती पुन्हा वाढवली नाही. कागदोपत्री कुठेही अन्याय दिसत नव्हता. ती पत्रंही मीच टाइप केली.

उरलेले आठ दिवस ते काय करत होते माहीत आहे? कड्यांवरचे निकामी चुंबक एकेक करून, कड न उडू देता सोडवत होते. गोंद खरवडून, पुसून बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ओळीने लावत होते. साहेब म्हणाले, "अरे, कचरा तो. मेलेत ते. फेकून दे."

"मेलेत नाय साहेब, झोपलेत. मशीन मिळालं का उठतील. स्पीकरच्या दुकानात उठिवलेत म्या."

"ते स्पीकरचे. हे उठवणारं मशीन आहे का आपल्याकडे?"

"आज नाय."

शेवटच्या दिवशी ते डबा घेऊन माझ्याकडे आले. मी मान वर केली नाही, काहीतरी लिहीत राहिले.

"बाई, हा तुमच्या कपाटात ऱ्हाऊ द्या. टाकू नका. आन् सवड झाली की उघडून बगा."

मी मान हलवली. त्यांनी डबा टेबलाच्या कडेला ठेवला. मग म्हणाले, "पोरीला विंग्रजी शाळंत घालतोय. फी जड हाय, पर बगू. आपला कागद आपल्याला वाचता आला पायजे."

आणि जाताना, "जय भीम, बाई."

सहा वर्षांत ते मला नेहमी "नमस्कार" म्हणत आले होते. "जय भीम" त्यांच्या लोकांत. "हं," मी म्हणाले. "बरं."

डबा मी कपाटाच्या खालच्या खणात ठेवला. उघडला नाही. सवड होती. कपाट उघडलं की तो दिसे, म्हणून त्याच्यापुढे जुन्या फायली रचल्या.

वर्ष-दीड वर्ष गेलं. मग असा काळ आला की देशाकडेच बाहेरचा माल आणायला डॉलर उरले नाहीत. परवाने अडकले आणि आमच्या चुंबकांचं खोकं परदेशातच राहिलं. पंपांची मागणी समोर आणि चुंबक नाहीत. दोन पाळ्यांची एक पाळी झाली. हंगामी लोकांना घरी बसवायची भाषा सुरू झाली. तेव्हा पुण्याहून नवीन आलेल्या एक इंजिनिअर बाई म्हणाल्या, "उष्णतेने जोर गेलेले निओडिमियम पुन्हा चुंबकित करता येतात. पुण्याला एकाकडे मशीन आलं आहे. तुमच्याकडे तसला माल फेकून दिलेला असेल ना?"

"फेकलेला नाही," मी म्हणाले.

फायली बाजूला केल्या. डबा जड होता. झाकण पक्कं बसलं होतं, पट्टी घालून उघडावं लागलं. आत चुंबक ओळीने, एकमेकांना खेटून, वीट रचावी तसे. एकाचीही कड उडालेली नव्हती. वरचा थर मी उचलला. त्याच्याखाली एक कागद होता, चार घड्या घातलेला.

माझं अक्षर. समास सोडलेला, ओळी सरळ. भट्टीचं तापमान दीडशे अंश.

जिवंत चुंबकांच्या मध्ये काहीतरी घालून ठेवावं लागतं, नाहीतर ते एकमेकांवर आदळून फुटतात. ते लाकडी चिपा घालत. या डब्यात एकही चीप नव्हती. ज्यांना टाचणीही धरवत नाही अशा चुंबकांना मध्ये काही लागत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तो कागद चुंबकांसाठी नव्हता.

चौकशीच्या वेळी तो कुठे होता, त्यांच्या खिशात की डब्यात, मला माहीत नाही. तो साहेबांच्या टेबलावर ठेवायला त्यांना एक क्षण पुरला असता. त्यांनी आधी मला विचारलं. मी उत्तर दिलं. त्यानंतर माझ्या शब्दासमोर त्यांचा शब्द, हातात तो कागद असला तरी, कोणी खरा धरला असता? हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

"काय आहे हो तो कागद?" इंजिनिअर बाईंनी विचारलं.

"जुना आहे. काही नाही," मी म्हणाले, आणि तो पर्समध्ये ठेवला. त्या कागदाबाबत खरं दडवण्याची ही दुसरी वेळ.

चुंबक पुण्याला गेले आणि उठून आले. सगळे नाही, पण बहुतेक. पंप गेले, दुसरी पाळी पुन्हा सुरू झाली, हंगामी लोक घरी बसले नाहीत. इंजिनिअर बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे इतकं नीट जपून कोणी ठेवलं होतं?" त्यांचं नाव मी सांगितलं. ते का गेले, हे सांगितलं नाही. साहेब म्हणाले, "हां, तो मोर्चेवाला. हात चांगला होता."

त्यांच्याकडे जायला मला आणखी दोन-अडीच वर्षं लागली. विद्यापीठाला नवं नाव मिळालं त्यानंतरच्या आठवड्यात मी गेले. वस्तीत निळे झेंडे होते, गल्लीच्या तोंडाशी अजून पताका लोंबत होत्या. त्यांच्या दाराला दुसऱ्याच कोणाचं कुलूप होतं. शेजारच्या बाई डोक्यावरची घागर उतरवत म्हणाल्या, "ते व्हय? ते पुण्याकडं गेले की. थितं कारखान्यात लागलेत म्हनं. पोरगी लई हुशार, विंग्रजी फाडफाड बोलती." मग त्यांनी माझ्या साडीकडे, पर्सकडे बघितलं. "कोन आलंतं म्हनून सांगू?"

पर्समध्ये तो कागद होता.

"कारखान्यातून आले होते, म्हणावं," मी म्हणाले आणि रिक्षात बसले. तिसरी वेळ.

पुन्हा मी त्यांना पाहिलं नाही. आता ते असले तर ऐंशीच्या पुढे असतील. चुंबकांसाठी देशादेशांत ओढाताण चालली आहे, जुने चुंबक काढून पुन्हा वापरायचं शास्त्र निघालं आहे, असं हल्ली वर्तमानपत्रात येतं. मी ते कापून ठेवते. कोणासाठी, मला सांगता यायचं नाही.

माझ्या वाढदिवसाच्या पत्रांना उत्तर देताना तुम्ही लिहिता, आजीचं अक्षर किती सुंदर. या लिखाणाबरोबर तो कागद पाठवते आहे. पिवळा पडला आहे, घड्यांवर फाटायला आला आहे, जपून उलगडा. अक्षर तेच आहे, तुम्ही लगेच ओळखाल. मराठी आकडे तुम्हाला वाचता येणार नाहीत. आईला विचारा, कागद काय म्हणतो.

दीडशे म्हणतो.